राजकारण घरात शिरलं की : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की राजकारणामुळे तुमच्या रोजच्या जगण्यात काय बदललं ते लिहा, तर इतकी पत्रं आणि मेल आले की सगळे छापणं शक्यच नाही. चार निवडलेत. नावं कुणाचीच देत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, आम्ही डोंबिवलीचे, दोघं भाऊ, लहानपणापासून शिवसेनेच्या शाखेत वाढलो. जून 2022 ला पक्ष फुटल्यावर मी उद्धवसाहेबांबरोबर राहिलो आणि धाकटा शिंदेसाहेबांकडे गेला. त्या वर्षी दसऱ्याला मी शिवाजी पार्कला आणि तो बीकेसीला. तेव्हा रागात मी त्याला चारचौघांत गद्दार म्हणालो, तेव्हापासून बोलणं बंद. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर त्याची वेळ सकाळची, माझी संध्याकाळची, समोरासमोर यायला नको म्हणून. आई काही बोलत नाही पण तिला कळतं. मी चुकीच्या बाजूला नाही हे मला पक्कं माहितीये, मग मीच का नमतं घ्यायचं?

दादा, तुमची बाजू चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. माझंही मत आहे आणि ते लपवत नाही. ज्यांनी एका चिन्हावर मतं मागितली त्यांनी दुसरीकडे जायचं तर आधी राजीनामा द्यावा आणि पुन्हा लोकांसमोर जावं असं मला मनापासून वाटतं. 1985 चा पक्षांतरबंदी कायदा यासाठीच होता, 2003 मध्ये त्यातली, एकतृतीयांश आमदार एकदम फुटले तर चालतं ही पळवाटही बंद केली, तरी पुढे काय झालं ते आपण पाहिलंच. पण तितक्याच मनापासून मला हेही वाटतं की 2019 ला भाजप-शिवसेना युती म्हणून मतं मागून, अनुक्रमे 105 आणि 56 अशा जागा मिळवून, निकालानंतर ती युती मोडली तेव्हाही मतदाराला कुणी विचारलं नव्हतं. तुमचा भाऊ तुम्हाला हेच सांगत असणार, आणि तुम्ही त्याला पहिलं सांगत असणार, आणि दोघांच्या बोलण्यात दम आहे.

सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांपुढे हे सगळं आलं होतं ना, निकाल लागला 11 मे 2023 ला, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांनी. त्यांनी काय म्हटलं, की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते योग्य नव्हतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून जुनं सरकार परत आणता येणार नाही. आणि अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांनी ठरवावं. संध्याकाळी टीव्हीवर दोन्हीकडचे लोक पेढे वाटत होते. इतक्या गुंत्याच्या गोष्टीत तुम्ही एक बाजू घेतलीत, ठीक आहे, घ्यायलाच लागते, मतदान करायचं तर कुठलं तरी एकच बटण दाबावं लागतं.

पण दादा, तुमच्या भावाने काय केलं ते जरा वेगळं काढून बघा. तो आमदार नाही. त्याने कुणाच्या चिन्हावर निवडून येऊन कुणाला सोडलं नाही, फुटलेल्या आमदारांसारखा तो सुरतला गेला नाही, गुवाहाटीला गेला नाही, त्याला मंत्रिपद नाही मिळालं. त्याने आपल्या बुद्धीने ठरवलं की बाळासाहेबांचा विचार आता कुठे आहे, जसं तुम्ही ठरवलंत, आणि त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं. जो शब्द चाळीस आमदारांसाठी भाषणात वापरला गेला तो तुम्ही जसाच्या तसा उचलून घरातल्या माणसाला चिकटवलात, आणि त्याच्या बाबतीत तो खोटा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे. नमतं घेणं म्हणजे मत बदलणं नव्हे. उद्या सकाळी त्याच्या वेळेला हॉस्पिटलात किंवा घरी, जिथे आई असेल तिथे जा आणि सांगा की माझं मत तेच आहे, मशालीलाच मत देणार, पण तुला गद्दार म्हणालो ते मागे घेतो. आईसमोर सांगा, आणि ज्या चौघांसमोर बोलला होतात त्यांच्यापर्यंतही पोचू द्या. तो लगेच विरघळेल असं मी सांगत नाही, कदाचित महिनाभर तुटकच वागेल, पण तुमच्या बाजूने जे खरं नव्हतं ते निघून जाईल. आणि आईला कोण कधी घेऊन जाणार, व्यायाम करून घ्यायला कोण बसणार, बिलाचं कसं करायचं, याची बोलणी त्याच दिवशी सुरू करा, राजकारणाची नको.

मी मालेगावजवळ राहते, शेवया-पापड करून विकते, मालक वारले. लाडक्या बहिणीचे पैसे मला मिळतात. पहिले दोन महिन्यांचे तीन हजार आले त्यातून चष्मा केला, कितीतरी दिवस मला सुई ओवता येत नव्हती. मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरीला आहे. तो म्हणतो तू विकली गेलीस, हे मतं विकत घ्यायचे पैसे आहेत, परत कर. मी मत त्यांना दिलं नाही हे त्याला सांगितलं तर म्हणतो मग तर आणखी वाईट, खाल्लं एकाचं आणि गायलं दुसऱ्याचं. मी बेइमान आहे का?

नाही बाई, तुम्ही बेइमान नाही, अजिबात नाही.

पैसे कुणाचे ते आधी बघा. ते कुठल्या पक्षाच्या तिजोरीतून आलेले नाहीत, राज्याच्या तिजोरीतून आलेत, आणि त्या तिजोरीत तुम्ही साबण घेता तेव्हा त्याच्यावरचा जीएसटी पण जातो. लाच म्हणजे उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने मतासाठी हातात दिलेली रक्कम, तिच्यासाठी निवडणूक कायद्यात वेगळं कलम आहे. ही योजना जीआर, म्हणजे सरकारी आदेश काढून केलेली आहे, अटी ठरलेल्या आहेत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं, वय 21 ते 65, महिन्याला 1500. तुम्ही त्यात बसता, अर्ज केलात, मिळाले. त्या अर्जात मत कुणाला देणार असा रकाना नाही. मत गुप्त असतं ते याचसाठी की खायला घालणाऱ्याला ते मागता येऊ नये. तेव्हा "खाल्लं एकाचं" हे म्हणणंच बरोबर नाही.

आता मुलाचं. त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. योजना जाहीर झाली जून 2024 च्या अर्थसंकल्पात आणि नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान, हा काळ कुणीही हिशेबाने निवडला असं म्हटलं तर मी वाद घालणार नाही. नंतर छाननी झाली तेव्हा लाखो नावं वगळली, त्यात सरकारी नोकरीतल्या बायकाही सापडल्या, म्हणजे घाई झाली होती हे उघड आहे. हे सगळं त्याने सरकारला विचारावं, मोठ्याने विचारावं. पण त्याचा राग मंत्रालयापर्यंत पोचत नाही म्हणून तो आईच्या चष्म्यावर काढतोय, हे मला सहन होत नाही.

एक गोष्ट त्याला दाखवा. त्याच्या पगाराच्या स्लिपवर प्रोफेशन टॅक्स म्हणून दरमहा 200 रुपये कापलेले दिसतील. हा कर महाराष्ट्रात 1975 ला आला तोच मुळी रोजगार हमीसाठी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला लाखो माणसं रस्त्यावर उतरली होती, वि. स. पागे यांनी ती योजना उभी केली, 1977 ला तिचा कायदा झाला, आणि शहरातल्या पगारदाराने गावातल्या राबणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावायचा असं ठरलं. आपल्याकडे हे पहिल्यापासून आहे. रोख वाटण्यापेक्षा काम द्यावं असं त्याचं मत असेल तर ते चांगलं मत आहे, माझंही बरंचसं तसंच आहे.

आणि तरीही त्याला वाटत असेल की आईने हे पैसे घेऊ नयेत, तर मग दर महिन्याला 1500 त्याने पाठवावेत, न चुकता, हिशेब न मागता. तत्त्व त्याचं आहे तर खर्चही त्याने करायला हवा ना, तो तुमच्या डोळ्यांतून का वसूल करायचा. हे मी कडक बोलतेय पण हेच त्याला वाचून दाखवा. पाठवायला लागला तर मग परत करायचं का ते तुम्ही ठरवा, त्याने नाही.

मी पुण्यात राहतो, निवृत्त आहे. आधी सकाळचा चहा आणि दोन पेपर हा नेम होता. आता पेपर बंद केला, बातम्या बंद केल्या, तब्येत सुधारली. पण पळपुटेपणा केल्यासारखं वाटतं.

काका, बातम्या बघणं हे काही कर्तव्य केल्यात जमा होत नाही, तेव्हा त्या बंद केल्याचं ओझं नको. एकच सांगते. तुमच्या पुण्याच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, मुंबईचीही तेव्हाच, आणि पुढची साडेतीन वर्षांहून जास्त तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होता. त्या काळात कोण आमदार कुठल्या हॉटेलात हे आपल्याला पाठ होतं पण आपल्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं तर कुणाला सांगायचं हे माहीत नव्हतं. तब्येत सांभाळून वॉर्डाच्या क्षेत्रीय कार्यालयात जा, तुमच्या प्रभागाचं बजेट मागा, बसून वाचा. तुमच्याकडे वेळ आहे, आणि तिथे ओरडणारं कुणी नसतं.

मी पनवेलची, वय 24. आमच्या फॅमिली ग्रूपवर काका आरक्षणावरून जातीबद्दल फार घाणेरडे मेसेज टाकतात. माझी रूममेट त्याच समाजाची आहे, मी तिच्याच घरी तापात पडले होते तेव्हा तिच्या आईने माझं सगळं केलं. घरचे म्हणतात मोठे आहेत, सोड, प्रत्येकाचं मत असतं. काकांनीच माझी इंजिनिअरिंगची फी भरलीये म्हणून माझी जीभ उचलत नाही. आणि ताई, तुम्ही नेहमी म्हणता समजून घ्या, मग हे पण समजूनच घ्यायचं का?

नाही. वर डोंबिवलीच्या दादांना जे सांगितलं ते इथे लागू नाही, मुद्दाम शेजारी छापतेय. कुठला पक्ष बरा यावर दोन मतं असू शकतात. एखादी माणसं जन्मानेच कमी आहेत हे मत नाही, तो त्या माणसांवर केलेला अन्याय आहे, आणि त्याबद्दल ठाम राहायलाच हवं.

तू रायगडची आहेस, महाड तुझ्याच जिल्ह्यात. चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे असा ठराव महाड नगरपालिकेने 1924 लाच केलेला होता, कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, मागोमाग हजारो लोक. नंतर गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि जमावाने परिषदेला आलेल्या लोकांना मारलं, काहीजण मांडवात जेवत होते त्यांना सुद्धा. उलटा हात उचलायला माणसं कमी नव्हती, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. डिसेंबरात पुन्हा हजारो जमले तेव्हा विरोधकांनी कोर्टातून मनाई आणली होती, तर तळ्यावर जायचं थांबवून ते कोर्टात लढले, आणि हायकोर्टाचा निकाल आला मार्च 1937 मध्ये, दहा वर्षांनी. या सगळ्यात तसूभर शंका नव्हती त्यांना. तरी मार आपल्या लोकांनी खाल्ला, समोरच्याला दिला नाही. आणि हेही वाच की सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे हे तथाकथित वरच्या जातीतले लोक तेव्हा त्यांच्या बाजूला उभे होते, त्यांना घरातून काय ऐकावं लागलं असेल याची तुला आज सगळ्यात चांगली कल्पना येईल.

फी भरली हे काकांचं मोठं मन, ते कायम मोठंच राहील, त्याबद्दल त्यांच्या पाया पड. पण त्या फीत तुझं गप्प बसणं विकत घेतलेलं नव्हतं, निदान त्यांनी तसं म्हटलेलं नाही. पुढचा असा मेसेज आला की फॉरवर्डला उलटा फॉरवर्ड टाकू नकोस, लेख नको, आकडे नकोत. आधी फोन कर, मग त्यांना भेटायला जा, आणि समोर बसून सांग की काका, तुम्ही लिहिता ते ज्या घराबद्दल आहे त्या घरात मी तापात झोपले होते, आणि तिच्या आईने मला पेज भरवली. एवढं सांगून थांब. ते ऐकतील नाहीतर चिडतील, फीचा विषय काढतील, तर म्हण फी मी फेडीन काका. आणि त्यानंतरही ग्रूपवर तसं आलंच, तर तिथे सगळ्यांसमोर स्वतःच्या शब्दांत, मराठीत, एका ओळीत लिही की हे मला मान्य नाही. आई-बाबांना आधी सांगून ठेव की तू लिहिणार आहेस, त्यांना ते ग्रूपवर अचानक वाचायला लागू नये. रूममेटला मात्र यातलं काही दाखवू नकोस, ते मेसेज तिला वाचायला लावण्याचं काहीच कारण नाही.