बॅक्टेरिया खरंच दगडातलं तांबं खातात का? आणि मग भारतात जिवाणूंकरवी दगडातून तांबं काढायची ही पद्धत का नाही?

खात नाहीत. तांबं त्यांच्यासाठी विषच, फक्त ही जमात ते भरपूर सोसते. ॲसिडिथिओबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाच्या या जिवाणूचं पोट भरतं लोह आणि गंधकावर.

दगडातलं सल्फाइड खनिज (धातू आणि गंधकाचं संयुग) फोडतं ते मुख्यतः फेरिक लोह, म्हणजे लोहाचं जास्त ऑक्सिडीकरण झालेलं रूप; कमी झालेलं ते फेरस. तांबं आम्लात उतरतं आणि फेरिकचं फेरस होतं, म्हणजे त्याची ताकद संपते. त्याला पुन्हा फेरिक करणं हे जिवाणूचं काम. नुसती हवाही ते करते, पण इतक्या आम्लात तिचा वेग नसल्यात जमा. शिकत असताना प्रयोगशाळेत हे पाहिलंय: फेरस सल्फेटचं फिकट हिरवं पाणी दोन फ्लास्कमध्ये. जिवाणू नसलेलं होतं तसंच राहतं, दुसरं काही दिवसांत विटकरी होतं आणि तळाशी पिवळसर गाळ धरतं. पाहणाऱ्याला वाटतं, तांबं उतरलं! तो रंग लोहाचा. तांब्याचं पाणी निळं.

चिलीत सँटियागोजवळच्या लो अगिरे खाणीत 1980च्या दशकात हे व्यापारी पातळीवर चाललं. चुरलेल्या दगडाचे ढीग, वरून आपल्या द्राक्षबागांसारखं ठिबक (पाण्याऐवजी पातळ सल्फ्युरिक ॲसिड). काही महिन्यांनी खालून निळं द्रावण येतं, त्यातून विजेने जवळपास शुद्ध तांब्याचे पत्रे मिळतात.

आता भारत. सरकारी अनास्थेवर खापर फोडणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. गोंदियापलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या हलक्या प्रतीच्या दगडावर प्रयोग झालेत. अडचण खनिजाची. चिलीत कॅल्कोसाइट (तांबं आणि गंधकाचं खनिज) सापडतं, ते पटकन विरघळतं. आपल्याकडे मुख्यतः कॅल्कोपायराइट (यात तांबं-गंधकासोबत लोहही). त्याच्या पृष्ठभागावर थर धरतो आणि काम रखडतं. 60-80 अंशांत जगणारे सूक्ष्मजीव ते फोडतात, पण तेवढी उष्णता टिकवायला खर्च येतो. त्यापेक्षा दगड दळून, खनिज वेगळं करून भट्टीत घालणं परवडतं.

‘पर्यावरणपूरक’ हे विशेषण मात्र जपून वापरा. भट्टीचा गंधकी धूर वाचतो हे खरं. पण हाच जिवाणू 1947 साली अमेरिकेतल्या कोळसा खाणींच्या आम्लयुक्त सांडपाण्यात ओळखला गेला होता. तांबं काढून झालं तरी ढिगात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) उरतो, हवा-पाणी मिळेल तोवर आम्ल होतच राहतं. त्यामुळे खाण बंद झाल्यावर ढीग झाकायचा आणि झिरपणारं पाणी सांभाळायचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा लागतो.