उर्दू वाचताना नजर उलटी चालते का?

प्रश्न : शाळेत मराठी आणि उर्दू सूचना एकाच फलकावर लावतो. वाचनाच्या दिशेमुळे नजरेत खरंच फरक पडतो का? फलक कसा मांडावा? (एक शिक्षिका, मालेगाव)

उत्तर : पडतो. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. दोन उड्यांमधला थांबा साधारण पाव सेकंदाचा. त्या थांब्यात इंग्रजी वाचकाला डावीकडची ३-४ अक्षरं उपयोगी पडतात, उजवीकडची मात्र १४-१५, कारण पुढचा मजकूर तिकडे असतो. उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूत हे उलटं. १९८१ साली पोलात्सेक, रेनर या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी हिब्रू-इंग्रजी दोन्ही येणारे इस्रायली वाचक तपासले. त्याच माणसाचं लक्ष हिब्रू वाचताना डावीकडे झुकायचं, इंग्रजी वाचताना उजवीकडे. म्हणजे ही डोळ्यांची ठेवण नव्हे, समोरच्या लिपीनुसार बदलणारी सवय आहे. दोन लिप्यांनी मुलांची नजर बिघडेल, ही भीती असेल तर सोडूनच द्या.

फलकावर मराठी डावीकडे, उर्दू उजवीकडे, मध्ये चांगली चार बोटं जागा. मराठी डाव्या कडेला जुळवा, उर्दू उजव्या. मधोमध जुळवलेला मजकूर दिसतो देखणा, पण दर ओळीची सुरुवात नव्याने शोधावी लागते. एका ओळीत दोन्ही लिप्या टाळाच. उर्दूतही आकडे डावीकडूनच वाचतात. संगणकावर उर्दू मजकुरात मात्र आडव्या रेघेने लिहिलेल्या १२-६ या तारखेचं ६-१२ होऊ शकतं. महिना अक्षरी लिहा.