घरच्या घरी बिल्डर जेल लावून नैसर्गिक नखं मजबूत होतात का?

तुम्ही ऐरोलीच्या. नखांच्या टोकांना पापुद्रे सुटतात, जरा वाढली की कडेने चिरतात. दर महिन्याला पार्लरमध्ये पैसे घालवण्यापेक्षा घरीच बिल्डर जेल (नखावर जाडसर थर देऊन दिव्याखाली कडक करायचं जेल) लावलं तर नखं मजबूत होतील का आणि किट कुठला घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. पुढे लिहिलंय, "पण जाऊबाई म्हणतात की जेलने नखं कायमची सडतात." किटची नावं बाकीच्यांनी दिलीच आहेत. मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले आहे.

जेलने नखं सडत नाहीत. जेल उचकटून काढलं, ड्रिलने, म्हणजे नखं घासायच्या फिरत्या यंत्राने, खरवडून काढलं, की नखांची वाट लागते. हा फरक न कळल्यामुळे आमच्या घरात मी इतकी बोलणी खाल्ली आहेत की आज सगळं लिहूनच टाकते.

मी ठाण्यात नौपाड्याला दाताच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, बरीच वर्षं. दात भरायला वापरतात ते कॉम्पोझिट आणि नखांचं जेल एकाच घराण्यातले. ॲक्रिलेट आणि मेथॅक्रिलेट. दोन्ही मऊ असतात आणि ठराविक प्रकाश पडला की आतले रेणू एकमेकांत गुंतून कडक होतात. दोन्हीकडे थर जाड झाला की तळाशी कच्चं राहण्याची भीती. म्हणून जेल हा माझ्यासाठी नटण्यामुरडण्याचा विषय नाही, रोजच्या कामातला आहे. (दवाखान्यातल्या दिव्याने जेल क्युअर, म्हणजे कडक, होईल का, असं विचारणाऱ्या मैत्रिणी मला भेटल्या आहेत. नाही होत. तो दिवा निळ्या प्रकाशाचा, साधारण ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा. नखांच्या जेलला ३६५ ते ४०५ लागतो.)

तर झालं असं. माझी धाकटी नणंद कोपरखैरण्याला राहते. तिची नखं अगदी तुमच्यासारखी. माझी बघून तिलाही हवीशी वाटली, म्हणून एका रविवारी तिला घरी बसवून मी जेल लावून दिलं. लांबी वाढवली नाही, बोटाच्या टोकाबरोबरच ठेवली. सुटलेले पापुद्रे फाईल करून टाकले, नखावर चिकटलेली मेलेली कातडी काढली, पातळ थर दिला आणि मग मधोमध किंचित उंचवटा आणला. पुढचे काही आठवडे तिचं एकही नख तुटलं नाही. लसूण सोलते, डबे उघडते, काही होत नाही, असं तिने स्वतः फोन करून सांगितलं.

नख वाढलं की मुळाशी मोकळी जागा दिसायला लागते, तिथे भर घालायची असते. मी म्हटलं, ठाण्याला ये. तिच्या ऑफिसात ऑडिट चाललेलं, सुट्टीच्या दिवशी पुन्हा ट्रेनमध्ये बसायचं जिवावर आलं, म्हणून ती घराजवळच्या एका पार्लरमध्ये गेली. तिथल्या मुलीने एक नख घासून पाहिलं, याला वेळ लागेल म्हणाली आणि सरळ ड्रिल लावला. जे उरलं ते स्टीलच्या पुशरने खालून रेटून उचकटलं. नणंदेने दुखतंय म्हणून सांगितलं तर म्हणे, "थोडं होतंच मॅडम." वरून नेलपेंट लावून घरी पाठवलं.

दोन-चार दिवसांत गणपती. उकडीच्या मोदकांना कळ्या पाडायचं काम आमच्याकडे नणंदेचं, तिच्यासारख्या बारीक कळ्या कुणाला जमत नाहीत. तिने गरम उकड हातात घेतली आणि हात झटकला. पुन्हा घेतली, पुन्हा झटकला. चटका नखातून थेट आत जात होता. मी तिचं नेलपेंट पुसून बघितलं. प्रत्येक नखाच्या मुळाजवळ अर्धगोल लाल चरा. ड्रिल एकाच जागी दाबून धरला की पडतो तो. मधे पांढरे, खरखरीत चट्टे, जिथून जेलबरोबर नखाचे वरचे थरही सोलून निघाले होते. अंगठ्याचं नख मी नुसतं टेकवून दाबलं तर ते खाली वाकलं. नखाची जाडीच मुळात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातलं काय उरलं असेल?

आणि सासूबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "हिच्या वहिनीने ते जेल थापलं ना, त्याचं हे फळ." चुलतसासूबाईंनी मान डोलावली. कुणीतरी लगेच, नखांना श्वास घेऊ द्यावा म्हणून सुरू केलं. नणंदेला माहीत होतं की तिला कुठे आणि कधी दुखलं. ती बोलली नाही. ते मला लागलं. सणाचं घर, म्हणून मी खाली मान घालून मोदक वळले, पण तेव्हापासून कुठलंही हळदीकुंकू असो, माझ्या हातांकडे बघून तो विषय निघतोच.

नख श्वास घेत नाही. बाहेर दिसतं ते सगळं मेलेल्या पेशींचं केराटिन आहे. जे काय जिवंत आहे ते मुळाशी, कातडीखाली. ते शाबूत असेल तर नवीन नख चांगलंच येतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवीन यायला चार ते सहा महिने जातात. नणंदेच्या बाबतीत तसंच झालं. खरवडलेला भाग पुढे सरकत गेला, मागून गुळगुळीत नख आलं आणि संक्रांतीच्या सुमाराला शेवटचा पांढरा चट्टा कापला गेला. जेलने नख कायमचं सडलं असतं तर हे नवीन नख कुठून आलं? घरात हा प्रश्न मी विचारलाय. "जाऊ दे ना आता," एवढंच उत्तर मिळतं. तुमच्या जाऊबाईंना एवढंच विचारा की त्यांनी ज्या कुणाची खराब नखं पाहिली, तिचं जेल कुणी आणि कसं काढलं होतं.

आता तुमचं. जेलमुळे तुमचं नख मुळातून सुधारणार नाही. पानाला लॅमिनेशन केलं की पान फाटत नाही, पण आतलं पान तेच राहतं, तसं हे. जेल आहे तोवर नख वाकत नाही, चिरत नाही, म्हणून वाढायला सवड मिळते. एवढी अपेक्षा ठेवून लावणार असाल तर घरी जरूर लावा, छान जमतं.

तुमची नखं पातळ आणि लवचिक असणार, त्यामुळे फार कडक जेल घेऊ नका. नख वाकतं, जेल वाकत नाही, मग कडेने सुटायला लागतं. लवचिक, ॲसिटोनमध्ये विरघळणारं बिल्डर जेल किंवा रबर बेस (जाडसर, लवचिक बेस जेल) बघा. हार्ड जेल ॲसिटोनने निघत नाही, ते घासूनच उतरवावं लागतं आणि नवशिक्या हाताने तिथेच घात होतो.

जेलच्या आधी हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायची पार्लरमधली पद्धत मला अजिबात पटत नाही. नख पाणी पिऊन फुगतं, नंतर सुकून आक्रसतं आणि वरचं जेल सुटतं. पावसाळ्यात तर आपल्याकडे हवाच इतकी दमट की मी भांडी, आंघोळ सगळं आटोपून बराच वेळ गेल्यावरच बसते आणि नखं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेते. नखावर १८० ग्रिटची फाईल चालते (आकडा जितका मोठा तितकी फाईल बारीक), तीही चमक जाईपर्यंतच. १०० ची नैसर्गिक नखाला लावूच नका.

पहिला थर जवळजवळ कोरड्या ब्रशने चोळून, अगदी पातळ. त्यावर थेंब ठेवून तो नख बोटापासून सुटतं तिथे सर्वात जाड राहील असा पसरवायचा, कारण नख मोडतं ते तिथेच. कातडीपासून केसभर लांब. अंगठा वेगळा क्युअर करा, चार बोटांबरोबर घातला तर तो तिरपा राहतो आणि एका कडेला कच्चा. लॅम्पमध्ये चटका बसला तर थर जाड झालाय असं समजा. रेणू जोडले जाताना उष्णता निघते आणि पातळ नखाला ती जास्त जाणवते.

तीन-चार आठवड्यांनी सगळं काढू नका. वरचं जेल फाईलने कमी करा, मुळाशी भर घाला. काढायचंच असेल तर वरचा थर घासून ॲसिटोनचा कापूस आणि फॉईल, दहा-पंधरा मिनिटं, आणि जे आपणहून सैल झालं तेवढंच सारायचं. नाही सुटलं तर पुन्हा गुंडाळा. घाई झाली असेल तर तसंच ठेवा, पण ड्रिलवालीकडे जाऊ नका. घरासाठी तर तुम्ही ड्रिल विकतच घेऊ नका, किटमध्ये फुकट आला तरी कपाटात ठेवा.

पण पापुद्रे का सुटतात ते शोधलं नाहीत तर हे सगळं वरवरचं. बहुतेकींच्या बाबतीत कारण पाणी असतं. भांडी, कपडे, फरशी, दिवसातून कितीदा तरी ओलं आणि कोरडं, त्यात साबण. हातमोजे घालून भांडी घासा आणि नंतर नखांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा. माझ्या नणंदेने हे आजतागायत केलेलं नाही आणि तिची नखं आजही सोलतात, जेल नसताना. केसही गळत असतील, थकवा असेल, तर लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये आधी सांगा. त्यामुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशाराही दिलाय.

किटचं नाव मी देणार नाही, कंपन्या घटक बदलत राहतात. बाटलीवर घटकांची यादी हवी आणि परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. नसेल तर ठेवून द्या, कितीही स्वस्त असो. लॅम्प शक्यतो जेलच्याच कंपनीचा. एकेका बोटावर धरायचे ते इवलेसे यूएसबी लॅम्प नकोत, जेल वरून कडक दिसतं आणि आत कच्चं राहतं.

या कच्च्या जेलबद्दल आधीच सांगायला हवं होतं, कारण खरी भीती त्याची आहे. क्युअर न झालेलं जेल कातडीला वारंवार लागलं की ॲलर्जी होऊ शकते. हेमा नावाचा घटक त्यात बदनाम आहे. युरोपात २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची आहेत आणि प्रकाशात जेल कडक व्हायला मदत करणाऱ्या टीपीओ या दुसऱ्या घटकावर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदीच आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरगुती किटबद्दल मुद्दाम सावध केलं होतं. हेमा नसलेलं घ्या, पण त्यामुळे धोका संपला असं समजू नका, बाकीची ॲक्रिलेट असतातच. कातडीला लागलं तर क्युअर करायच्या आधी पुसा. पातळ हातमोज्यांतूनही हे काही मिनिटांत आत शिरतं, दवाखान्यात म्हणूनच मोज्याला बाँडिंग (दात भरण्याआधी लावायचं चिकट द्रव) लागलं की आम्ही तो लगेच बदलतो.

नखांभोवती खाज, बारीक फोड, टोकं सोलणं, किंवा हात चेहऱ्याला लागून पापण्या सुजणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी थांबा. कंपनी बदलून बघू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर रसायन लावून ॲलर्जी बघायची चाचणी, करून घ्या. ही ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते आणि दात भरायचं साहित्य, हाडांच्या ऑपरेशनचं सिमेंट, मधुमेहाच्या सेन्सरची चिकटपट्टी, या सगळ्यांत याच घराण्यातली रसायनं असू शकतात. ॲलर्जी निघालीच तर आमच्यासारख्यांच्या दवाखान्यात खुर्चीत बसायच्या आधी डॉक्टरांना सांगा. जेल सुटून खाली पाणी साचलं आणि नख हिरवट दिसायला लागलं तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे, त्यावर नवीन थर चढवू नका.