चोर सोडून डॉल्फिनला फाशी

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही कॅनडात मिसिसागाला राहतो. समोरच्यांची एसयूव्ही मागच्या महिन्यात रात्री ड्राइव्हवेमधून गेली, काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही, सकाळी बघतो तर जागा रिकामी. माझ्या मुलाकडे ते फ्लिपर झिरो आहे, रिमोट आणि कार्डांचे सिग्नल वाचणारं छोटं यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय म्हणून घेतलेलं. बायको म्हणते सरकार यावर बंदी आणणार होतं म्हणजे चोरांचंच हत्यार असणार, टाकून दे. मुलगा म्हणतो याने गाडी चोरता येतच नाही, दोष गाडी कंपन्यांचा. रोज जेवताना हाच विषय. खरं कोण?
— एक वाचक, मिसिसागा

उत्तर: मुलगा बराचसा खरा आहे, पण वहिनींना लगेच जाऊन ऐकवू नका, कारण त्यांनी ते मनाने काढलेलं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ओटावात गाडीचोरीवर राष्ट्रीय परिषद भरली, कॅनडात वर्षाला साधारण 90,000 गाड्या चोरीला जातात असा सरकारी आकडा होता, लोक वैतागलेले, आणि उद्योगमंत्री फ्रान्स्वा-फिलिप शॅम्पेन यांनी सांगितलं की फ्लिपर झिरोसारखी यंत्रं बंद करणार. पुढच्याच महिन्यात भाषा मवाळ झाली, सरसकट बंदी नाही, वैध कामासाठी वापरणाऱ्यांच्याच हातात ती राहावीत असं म्हणायला लागले. पण पहिली बातमीच लोकांच्या डोक्यात बसते ना.

आता ते यंत्र म्हणजे काय, तर खिशात मावणारा, स्क्रीनवर डॉल्फिन नाचवणारा, 2024 मध्ये 169 अमेरिकन डॉलरला मिळणारा डबा. टीव्हीचा रिमोट होतो, ऑफिसचं कार्ड वाचतो, जुन्या गॅरेजचा कायम एकच कोड पाठवणारा रिमोट असेल तर तो आरामात कॉपी करतो (हे मात्र मुलाला विचारा, घरच्या गॅरेजवर करून बघितलंय का). पण गाडीच्या चावीचं बटण दाबलं की दर वेळी कोड बदलतो, कालचा पकडून आज वाजवला तर गाडी ढुंकून बघत नाही.

मग समोरची गाडी गेली कशी? मी काही पाहिलेलं नाही, पण बिनचावीच्या गाड्यांत सगळ्यात चालणारी युक्ती वेगळी आहे. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी अगदी हळू आवाजात विचारते, चावी आहेस का जवळ? चावी रेडिओवरून म्हणते हो, आहे. आवाज मुद्दाम हळू, म्हणजे मीटर-दोन मीटरवरच ऐकू जावा. चोर दोघं येतात, एक गाडीपाशी, दुसरा मोठा अँटेना घेऊन तुमच्या दाराबाहेर, आणि गाडीचा प्रश्न उचलून आत टेबलावर पडलेल्या चावीपर्यंत नेतात, चावी इमानदारीत उत्तर देते. सोसायटीच्या वॉचमनने इंटरकॉम केला, वरून ओळखीचा आवाज हो म्हणाला, फाटक उघडलं, फक्त मधली वायर कुणीतरी लांबवलीय आणि फाटकाशी भलताच उभा आहे, असं ते. कोड कुणी फोडलाच नाही! त्यामुळे कोड कितीही भारी असला तरी उपयोग शून्य. आणि हे काम एकट्या डॉल्फिनला जमत नाही, त्याला दुसरी यंत्रं लागतात, ती चोरांना मिळतात आणि मिळत राहतील.

दुसरा प्रकार तर चावीच्या वाटेलाच जात नाही. 2022 मध्ये लंडनमध्ये गाड्यांच्या सुरक्षेवरच काम करणाऱ्या एका माणसाची टोयोटा रॅव्ह4 चोरीला गेली (चोरांनी माणूस बरोबर निवडला!), त्याने छडा लावला तेव्हा कळलं की हेडलाइटची वायर उपसून तिथून गाडीच्या आतल्या नेटवर्कमध्ये खोटे मेसेज सोडतात, की बाबा चावी खरी आहे, उघड. त्यासाठीचं यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या पेटीत लपवून विकलं जात होतं.

मला राग कशाचा येतो सांगू? झुरिकच्या संशोधकांनी 2011 मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेलं घेऊन ही अँटेनावाली युक्ती करून दाखवली होती, दहाच्या दहा गाड्या फसल्या. म्हणजे ओटावात मंत्री बोलले त्याच्या 13 वर्षं आधी. उपायही आहे, उत्तर यायला किती वेळ लागला हे मोजून चावी खरंच किती लांब आहे ते ओळखणाऱ्या चाव्या निघाल्यात, टाटांच्या जग्वार लँड रोव्हरने बऱ्याच आधी आणल्या, आणि ब्रिटनमध्ये चोऱ्यांमुळे विमा महागला तेव्हा 2023 मध्ये 2018 पासूनच्या जुन्या गाड्यांनाही सुरक्षेचे अपडेट देतो म्हणून जाहीर केलं. हलली नाही तर झोपी जाणारी चावीही असते. लाखाची एसयूव्ही विकताना हे आधीच का नसतं, त्याचं उत्तर कंपन्यांनी द्यावं, मुलाने नाही.

प्रश्न: अमेरिकेत किआ-ह्युंदाई यूएसबी वायरने चालू करायचे व्हिडिओ फिरत होते, त्यात तर टूलच नाही. मग दोष व्हिडिओचा का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: व्हिडिओने आग पसरवली, पण गवत आधीच वाळलेलं होतं. किल्ली फिरवून चालू होणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत त्यांनी इमोबिलायझरच बसवला नव्हता, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी साधी वस्तू. त्यांच्या 2015 च्या मॉडेलांपैकी फक्त 26 टक्क्यांत ती स्टँडर्ड होती, बाकी कंपन्यांत 96 टक्के. आणि मजा बघा, शेजारच्या कॅनडात ती 2007 पासून सक्तीची आहे, त्यामुळे तिथे हे लोण पसरलंच नाही. नियम होता तिथे बसवली, नव्हता तिथे पैसे वाचवले. शेवटी 2023 मध्ये 83 लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर अपडेट काढावा लागला.

प्रश्न: पुण्यात नवी पुश-स्टार्ट गाडी घेतलीय. चावी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर चालेल का, आई हसते.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: आईंना हसू द्या. पत्रा चावीचा रेडिओ अडवतो, म्हणजे गाडीचा प्रश्न चावीपर्यंत पोचत नाही. पण डब्याचा भरवसा झाकणावर असतो, म्हणून चावी आत ठेवून डबा गाडीजवळ न्या आणि दार उघडतंय का बघा, उघडलं तर तो डबा बिस्किटांनाच द्या. दुसरी चावीही त्यातच, ती लोक विसरतात. डबा दाराजवळ ठेवू नका. टोरोंटोच्या एका पोलिसाने 2024 मध्ये लोकांना उलटं सांगितलं होतं, चावी दाराशीच ठेवा म्हणजे चोर आत घुसून तुम्हाला मारणार तरी नाही. जगभर हसले लोक त्यावर. स्टिअरिंगला दांडा मात्र जरूर लावा.