थोरलीचं मनगट, धाकटीचा हट्ट आणि नवी जिम

पत्र :

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोन्ही मुली चिअरलीडिंग करतात, म्हणजे उड्या, कोलांट्या आणि एकमेकींना वर उचलायच्या कसरती असलेला सांघिक खेळ. थोरली तेरा वर्षांची, आठवीत आहे, धाकटी नऊची. चार वर्षं दोघी घराजवळच्या एका छोट्या जिममध्ये जातात. एका स्पर्धेत चाळीस मिनिटांवरच्या मोठ्या जिमच्या कोचनी थोरलीला पाहिलं आणि म्हणाले, 'मे महिन्यात ट्रायआउटला (निवड चाचणीला) ये, लेव्हल फोरच्या टीममध्ये घेऊ आणि फ्लायरच ठेवू.' फ्लायर म्हणजे बाकीच्या जिला वर उचलतात ती मुलगी, आणि लेव्हल म्हणजे कसरतींच्या अवघडपणाची पायरी. सध्या थोरली लेव्हल थ्रीमध्ये आहे आणि तिला जायचंच आहे. धाकटी म्हणते, मैत्रिणींना सोडून मी कुठेही जाणार नाही. मुलींचे बाबा म्हणतात, पुढे कॉलेजला याचा काही उपयोग नसेल तर जिम बदलण्यापेक्षा बंदच करू. जिममधल्या बाकीच्या आया काय म्हणतील याचंही दडपण आहे. आणि हो, थोरलीचं मनगट महिनाभर दुखतंय. तिच्या कोच म्हणतात, टेप लावून करू दे, सीझन संपतच आलाय. काय करावं?

उत्तर :

नमस्कार ताई,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही 'आणि हो' म्हणून शेवटी टाकली आहे. मी तिथूनच सुरुवात करते.

तेराव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूला जे हाड येतं, त्याच्या टोकाला वाढीचा एक मऊ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे हातांवर टेकून घेतलेली मागची उलटी उडी, करताना अख्ख्या शरीराचा भार वाकलेल्या मनगटावरून जातो, तोही एकेका प्रॅक्टिसमध्ये कितीतरी वेळा. या वयाच्या जिमनॅस्ट मुलींमध्ये हे दुखणं इतकं ओळखीचं आहे की त्याला 'जिमनॅस्ट्स रिस्ट' असं नावच पडलंय. वेळेवर विश्रांती दिली तर ते सहसा बरं होतं. रेटत राहिलं तर हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. तिला तेच झालंय असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण महिनाभर टिकलेलं दुखणं टेपनं झाकायचं नसतं. या आठवड्यात पीडियाट्रिशियनकडे न्या, शक्य असेल तर मुलांच्या स्पोर्ट्स मेडिसिनवाल्यांकडे. काय करायचं, काय नाही आणि किती दिवस, हे त्यांच्याकडून लेखी घ्या आणि तो कागद जिमच्या मालकांना ईमेलनं पाठवा.

मग काय होतं ते बघा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे मिळेल. 'बरं झालं सांगितलंत, तिचं टम्बलिंग (कोलांट्या-उड्या) काढून टाकतो, रूटीनमध्ये तिला स्टंटपुरतं (उचलायच्या कसरतींपुरतं) ठेवता येईल का ते डॉक्टरांना विचारा,' असं उत्तर आलं तर तुमची जिम चांगली आहे; ऐन सीझनमध्ये एका कोचचा तोल गेला, एवढंच. पण 'बाकीच्या मुली काय दुखत नाहीत का' असा सूर निघाला किंवा मुलीला टीमचा घात केल्यासारखं वाटायला लावलं, तर नव्या जिमचं आमंत्रण नसतं तरी मी तुम्हाला तिथून निघायला सांगितलं असतं. सीझन संपायची वाटसुद्धा बघू नका असं सांगितलं असतं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ मध्येच म्हटलंय की चिअरलीडिंगला खेळ म्हणून वागवा, म्हणजे प्रशिक्षित कोच, वैद्यकीय देखरेख आणि दुखापतीचे नियम इतर खेळांसारखेच त्यालाही लागू होतील. हवेत फेकलेल्या मुलीला झेलणारे हात दुखरे असतील तर धोका त्या दुखऱ्या हातांच्या मुलीपुरता नसतो, हे कोचला पालकांनी सांगावं लागू नये.

आता लेव्हल फोरकडे वळू. टीमची लेव्हल आणि मुलीची लेव्हल या वेगळ्या गोष्टी आहेत. लेव्हल थ्रीमध्ये धावत येऊन केलेला टक, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन हवेत मारलेली कोलांटी, चालतो. लेव्हल फोरमध्ये उभ्या उभ्या टक आणि धावत येऊन लेआउट, म्हणजे अंग सरळ ठेवून मारलेली कोलांटी, येतात. तुमच्या मुलीला यातलं आज काय येतं, तेही कोचचा हात पाठीला न लागता? ट्रायआउटला जायच्या आधी हे तिलाच विचारा. मुली या बाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक असतात. जे येत नाही ते येतं असं धरून टीम बांधली, तर नोव्हेंबरात पहिल्या स्पर्धेच्या वेळी ती मागच्या रांगेत उभी असेल आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला आपण कमी आहोत असं वाटेल. उलट अंगात आहे पण जुन्या जिममध्ये तेवढ्या मुलीच नाहीत म्हणून टीम होत नाही, असं असेल तर बदलाला खरं कारण आहे. छोट्या जिमची ही अडचण खरीच असते, त्यात कुणाचा दोष नसतो.

'फ्लायरच ठेवू' या वाक्यावर मात्र माझा विश्वास नाही. वाढीच्या वयात मुली भराभर उंच होतात आणि कालच्या फ्लायर बेस (खालून उचलणाऱ्या) होतात, बॅकस्पॉट (मागून सांभाळणाऱ्या) होतात. कुणाच्या हातावर कोण उभं राहणार हे टीम जमल्यावर ठरतं. जो कोच मे महिन्याच्या ट्रायआउटच्या आधी, बाकीच्या मुली बघायच्या आधी जागा वाटतो, तो दुसऱ्या कुणालाही तीच जागा देऊन बसलेला असू शकतो. थोरलीला स्पष्ट विचारा : तिथे तुला बेस केलं तरी जाशील का? ती लगेच 'हो' म्हणाली तर तिला खेळ हवाय. गप्प झाली तर तिला ते कौतुक हवंय. या वयात त्यातही काही वावगं नाही, पण त्यासाठी रोज ऐंशी मिनिटं गाडीत घालवायची का, हा हिशेब वेगळा. आठवड्याला चार दिवस धरले तर पाच तासांहून जास्त होतात, आणि सप्टेंबरात ती हायस्कूलमध्ये असेल.

पदकांची तुलना करू नका. छोट्या जिमना अनेक स्पर्धांमध्ये डी-टू म्हणून वेगळ्या विभागात उतरवतात, त्यामुळे तुमच्या जिमचं पहिलं बक्षीस आणि त्यांचं पाचवं यांतून काहीच निघत नाही. भिंतीवरचे बॅनर तर बघूच नका. त्यापेक्षा दोन-तीन वेळा तिथल्या मोकळ्या सरावाला, म्हणजे ओपन जिमला, किंवा सुट्या टम्बलिंग क्लासला तिला न्या (मनगट बरं झाल्यावर!) आणि बाकड्यावर बसून कोचकडे लक्ष द्या. मुलगी पडल्यावर पहिली नजर कुठे जाते, मुलीकडे की घड्याळाकडे? नवी उडी आधी मऊ मॅटवर घेतात की थेट स्प्रिंग फ्लोअरवर? प्रॅक्टिस पालकांना बघता येते का? काही जिम पालकांना आतच येऊ देत नाहीत आणि त्यासाठी एकाग्रतेचं कारण देतात. कधीमधी दार बंद असलं तर मी समजू शकते. कायम बंद असेल तर मला ते चालणार नाही. प्रायव्हेट लेसनसुद्धा इतर मोठ्या माणसांच्या नजरेसमोरच व्हायला हवा. जिम यूएसएएसएफ या चिअर जिमच्या राष्ट्रीय संघटनेची सदस्य आहे का, कोचची पार्श्वभूमी तपासलेली आहे का आणि लेव्हल फोर शिकवायचं क्रेडेन्शियल (पात्रतेचं प्रमाणपत्र) त्यांच्याकडे आहे का, हे विचारायला लाजू नका. चांगल्या जिमला या प्रश्नांचा राग येत नाही. आणखी एक, तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला. आत असलेले लोक गोडच बोलतात, फी भरून बसलेले असतात.

धाकटीचं काय? तिला राहू द्या. दोघींना एकाच ताटात वाढायची आपल्याकडे सवय आहे, पण तेरा आणि नऊ या वयांच्या गरजा एक नाहीत. नवव्या वर्षी मुलीला मैत्रिणी, ओळखीचा कोच आणि घराजवळची जागा हेच जास्त मोलाचं. तिला उगाच ओढून नेलंत तर वर्षभर 'ताईमुळे' हा शब्द घरात फिरेल. दोन जिम, दोन वेळापत्रकं, एकाच शनिवारी दोन गावांत स्पर्धा, ही ओढाताण खरी आहे, आणि बहिणींना फीमध्ये काही सवलत मिळत असेल तर तीही जाईल. तरीही मी हेच सुचवेन. याला अपवाद एकच. मनगटाच्या ईमेलला मालकांचं उत्तर वाईट आलं, तर धाकटीलाही तिथे ठेवू नका. आज तिचा कोच प्रेमळ असेल. तीन वर्षांनी ती थोरलीच्याच कोचच्या हाताखाली जाणार आहे.

मुलींच्या बाबांचा प्रश्न रोखठोक आहे, तसंच उत्तर देते. चिअरलीडिंगवर कॉलेजची फी निघेल अशी आशा ठेवू नका. एनसीएए, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांची मोठी संघटना, त्याला आपल्या खेळांमध्ये धरत नाही. २०१० मध्ये कनेटिकटमधल्या फेडरल कोर्टाने क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाच्या खटल्यात त्या वेळच्या स्वरूपातलं स्पर्धात्मक चिअरलीडिंग टायटल नाइनसाठी (शिक्षणसंस्थांतल्या स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्यासाठी) खेळ म्हणून मोजता येणार नाही असा निकाल दिला आणि २०१२ मध्ये तो अपिलातही टिकला. ऑलिम्पिक समितीने २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली आहे, पण त्यामुळे विद्यापीठांच्या तिजोऱ्या उघडलेल्या नाहीत. अनेक विद्यापीठांत टीम आहेत, काही ठिकाणी थोडीफार शिष्यवृत्तीही असते, पण आजवर तुम्ही जिमला भरलेल्या रकमेपुढे ती सहसा किरकोळ ठरते. एक दार मात्र खरोखर उघडलंय. अ‍ॅक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग हा खेळ २०२० मध्ये एनसीएएच्या उदयोन्मुख महिला खेळांच्या यादीत आला, त्यामागून स्टंट नावाचा खेळही आला. त्यांना चांगलं टम्बलिंग आणि स्टंटिंग येणाऱ्या मुली लागतात. तुमच्या मुलीला पुढे तिकडे जायचं असेल तर टीमच्या लेव्हलपेक्षा तिचं स्वतःचं टम्बलिंग आणि धड मनगटं जास्त उपयोगी पडतील.

राहिला प्रवेशअर्ज. कॉमन अ‍ॅप या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक प्रवेशअर्जात उपक्रमांसाठी दहाच जागा असतात. प्रत्येकाचे आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारतात. नववी ते बारावी एकच गोष्ट टिकून केली, लहान मुलींना शिकवायला मदत केली, तर त्या ओळीला वजन येतं. जिम कुठली होती, मध्ये बदलली का, हे कुणी बघत नाही. म्हणून बाबांना सांगा, कॉलेजसाठी बदलू नका आणि कॉलेजसाठी बंदही करू नका. पैसे झेपत नसतील तर तसं मोकळेपणानं म्हणा, ते पूर्णपणे योग्य कारण आहे आणि तेरा वर्षांच्या मुलीला ते कळतं. झेपत असतील, तर मुलीला हे आवडतं एवढं कारण पुरेसं आहे.

आणखी एक वाट तुम्ही विचारात घेतलेली दिसत नाही : हायस्कूलची टीम. अनेक शाळा आठवीतल्या मुलींच्या ट्रायआउट वसंतातच घेतात. तिच्या होणाऱ्या शाळेत आजच फोन करा. कदाचित तिला तिथेच रमावंसं वाटेल. दोन्ही करायचं म्हटलं तर प्रॅक्टिसच्या वेळा आपटतील का, आणि नवी जिम शाळेच्या टीमसाठी प्रॅक्टिस चुकवू देते का, हे सही करायच्या आधी कळायला हवं. कारण जिमचा करार बहुतेक वर्षभराचा असतो, खात्यातून पैसे दरमहा आपोआप जातात आणि ऑगस्टच्या सुमारास कोरिओग्राफी झाल्यावर निघालं तर बरंचसं परत मिळत नाही. दुखापत झाली तर फीचं काय, हॉटेल त्यांनीच ठरवलेलं घ्यावं लागतं का, दूरच्या स्पर्धा किती, हे लेखी घ्या. इकडच्या जिमचं देणं चुकतं करून पावती ठेवा.

मनगटाचं प्रकरण नीट निभावलं गेलं आणि तरी थोरलीला जायचंच असेल, तर शेवटच्या स्पर्धेपर्यंत तिनं टीमसोबत राहावं. तिची जागा मध्येच रिकामी झाली तर पिरॅमिड नव्यानं बसवावा लागतो आणि त्याचा त्रास कोचपेक्षा तिच्या मैत्रिणींना होतो. डॉक्टरांनी बंदी घातली तर तिनं बाजूला बसून टीमला साथ द्यावी. ट्रायआउटच्या आधी, पण सीझन संपल्यावर, मालकांना तुम्ही दोघांनी समोर बसून सांगा. कुणाकडून तरी कळण्यापेक्षा ते बरं. कारणांची यादी देऊ नका, नव्या जिमचं कौतुक करू नका. 'मोठी मुलगी पुढच्या वर्षी दुसरीकडे जाते आहे, धाकटी तुमच्याकडेच राहणार आहे, चार वर्षांबद्दल मनापासून आभार,' एवढं पुरे. बाकीच्या आया पंधरा दिवस बोलतील. पुढच्या मे महिन्यात त्यांच्यातलीच एखादी तुम्हाला हळूच फोन करून तिथली फी विचारेल.

डॉक्टर काय म्हणतात ते मात्र मला कळवा.