जुनी पोर्शे: घेण्याआधी आणि घेतल्यावर

या अंकात ९११ आणि बॉक्स्टरबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं.

प्रश्न: २००२ ची ९११ करेरा, म्हणजे ९९६ या पिढीची, पाहून ठेवली आहे. फक्त ६०,००० किलोमीटर चाललेली, बाहेरून नव्यासारखी. पण जो तो 'आयएमएस' म्हणून घाबरवतो. घ्यावी का? – एक वाचक, म्युनिक

उत्तर: दोष खरा आहे, पण तो कुठे आहे हे कळलं तर तपासताही येतो. या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्या मधे एक इंटरमीडिएट शाफ्ट आहे, तोच आयएमएस. क्रँक त्याला साखळीने फिरवतो आणि तो पुढे साखळ्यांनीच कॅम फिरवतो. त्याच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलेलं आहे. सील जुनं झालं की इंजिन ऑइल आत शिरतं, मूळचं ग्रीस धुऊन टाकतं आणि तिथेच साचून राहतं. बेअरिंग खरवडलं जातं, शाफ्ट डुगडुगू लागतो, साखळीचं टायमिंग चुकतं आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. त्यानंतर दुरुस्ती नाही, दुसरं इंजिनच शोधावं लागतं.

सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचं बेअरिंग होतं, ते पुष्कळ टिकतं. २००० ते २००५ मधल्या बहुतेक गाड्यांत एकेरी ओळीचं आहे आणि सगळ्यात बदनाम तेच. तुमची गाडी यातली. त्यानंतर २००८ पर्यंत मोठं बेअरिंग आलं. ते मजबूत आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही. गिअरबॉक्स उतरवल्यावर बेअरिंगच्या मधला नट १३ मिलिमीटरचा दिसला तर बेअरिंग बदलता येतं, २२ चा दिसला तर ते मोठं आहे. फक्त सालावर विसंबू नका, कारण यातल्या बऱ्याच गाड्यांची इंजिनं मधेच बदललेली असतात. टर्बो, जीटी२ आणि जीटी३ यांची इंजिनं वेगळी आहेत, त्यांना हा प्रश्न नाही. २००९ च्या मॉडेलपासून करेराच्या इंजिनातून हा शाफ्टच गेला.

कमी किलोमीटर ही इथे जमेची बाजू धरू नका. वर्षात दोनदा बाहेर निघणारी, पाच-पाच वर्षं तेच ऑइल पोटात घेऊन उभी असलेली गाडी जास्त धोक्याची. दीड लाख किलोमीटर चाललेली आणि दर वर्षी ऑइल बदललेली गाडी आम्ही आधी पाहू.

विकणाऱ्याच्या परवानगीने ऑइल फिल्टर काढून घ्या. तो कागदी घड्यांचा असतो. घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर ठेवा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे पोलादी कण म्हणजे बेअरिंगचा संशय, तिथेच व्यवहार थांबवा. चमकतात पण चिकटत नाहीत, ते ॲल्युमिनियमचे कण. ते सिलिंडरकडून आलेले असू शकतात. प्लॅस्टिकचे एक-दोन तुकडे साखळीच्या गाइडचे असतात, त्यांनी घाबरायचं कारण नाही. पुन्हा बसवताना फिल्टरचं भांडं २५ न्यूटन मीटर, ऑइलचा ड्रेन प्लग ५० न्यूटन मीटर. नवं ऑइल पोर्शेच्या ए४० मान्यतेचं घ्या. साडेआठ लिटरच्या आसपास लागतं, पण आधी आठ ओता आणि मग पातळी पाहून भर घाला.

फिल्टर स्वच्छ निघाला आणि किंमत पटली, तर गाडी घ्या. बेअरिंग क्लचसोबत बदलायचं ठरवा, कारण दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. त्याच वेळी क्रँकचं मागचं सील बदला. काम करणारा कॅमशाफ्ट जागेवर लॉक न करता बेअरिंगचं झाकण काढू लागला, तर त्याच्याकडे गाडी देऊ नका.

आयएमएसच्या गोंगाटात दुसरा आजार मागे पडतो: सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे. ३.४ लिटरपेक्षा ३.६ आणि ३.८ च्या इंजिनांत तो अधिक, आणि बहुधा सहाव्या सिलिंडरपासून सुरू होतो. एकाच बाजूचा सायलेन्सर जास्त काळा, इंजिन तापल्यावर आयडलिंगला टकटक आणि ऑइलचा वाढलेला खप या खुणा एकत्र दिसल्या तर बोरस्कोपने, म्हणजे नळीच्या बारीक कॅमेऱ्याने, सिलिंडर आतून पाहून घ्या. ओरखडे सिलिंडरच्या खालच्या भागात आधी पडतात. प्लगच्या भोकातून ते निसटू शकतात, म्हणून शक्य असेल तर ऑइल सम्प उतरवून खालून पाहायला सांगा.

प्रश्न: माझी १९८६ ची ३.२ लिटरची ९११ करेरा सुरू केल्यावर धूर ओकते. शिवाय तापली की कधीकधी रस्त्यातच बंद पडते, वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात उभ्या गाडीचं थोडं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. सुरुवातीचा निळसर धूर मिनिटभरात गेला तर सोडून द्या. राहिला तर ऑइल जास्त भरलेलं असण्याची शक्यता मोठी. या गाडीत ऑइल वेगळ्या टाकीत असतं. पातळी फक्त इंजिन पूर्ण तापलेलं, गाडी सपाटीवर आणि इंजिन आयडलिंगवर चालू असतानाच मोजायची. थंड इंजिनात ऑइल मोजायची दांडी कोरडी दिसते, माणूस लिटरभर ओततो, आणि ते जादा ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं. डबा उघडा. आत ऑइलचं तळं दिसलं तर निदान झालं. दांडीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण दीड लिटरचं अंतर आहे, पातळी मधोमध ठेवा. ऑइल बदलताना इंजिन आणि टाकी, दोन्हींचे प्लग काढा आणि आधी नऊ लिटरच ओता.

गरम झाल्यावर बंद पडणं हे बहुतेक डीएमई रिलेचं, म्हणजे इंजिनच्या संगणकाला वीज जोडणाऱ्या स्विचचं काम. तो ड्रायव्हरच्या सीटखाली, इंजिनच्या संगणकाजवळ असतो. आतल्या सोल्डरच्या जोडांना बारीक तडे जातात, उष्णतेने ते सुटतात आणि गार झाल्यावर पुन्हा टेकतात. नवा रिले स्वस्त आहे. एक लावा, एक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. रिले बदलूनही गाडी बंद पडत राहिली, तर फ्लायव्हीलजवळचे वेगाचे सेन्सर आणि त्यांच्या वायरी पाहा.

प्रश्न: ३.२ करेराच्या पिढीच्या गाडीचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, घरी सेट करता येतात का? – एक वाचक, मेलबर्न

उत्तर: येतात. दिवस राखून ठेवा आणि इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गॅप ०.१० मिलिमीटर, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना सारखाच, आणि तो थंड इंजिनातलाच धरायचा. वरची-खालची झाकणं काढा. क्रँकच्या पुलीवरची 'झेड१' ही खूण जागेवर आणा आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर पहिल्या सिलिंडरच्या खुणेकडे आहे ना ते बघा. तो उलट दिशेला असेल तर पुली आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह सेट करा, मग पुली १२० अंश पुढे घेऊन सहावा, त्यानंतर दुसरा, चौथा, तिसरा, पाचवा. हा क्रम कागदावर लिहून पुलीजवळ चिकटवा, कारण चुका इथेच होतात.

लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून नट घट्ट केल्यावर गॅप मोजायचं पातं (फीलर गेज) पुन्हा घालून पाहायचं. पातं किंचित ओढत सरकलं पाहिजे. संशय असेल तर केसभर सैल ठेवा. टिकटिक ऐकू आली तरी चालेल. घट्ट राहिलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. पातं पातळ असतं, वाकतं, मोडतं. दोन-तीन जादा घेऊन ठेवा.

खालची झाकणं काढताना आत एखादा सुटा नट पडलेला आढळला, तर टॅपेट बाजूला ठेवा. सिलिंडर हेड धरून ठेवणारा स्टड तुटल्याची ती खूण आहे आणि ते काम इंजिन उतरवण्याचं आहे. सगळं ठीक असेल तर झाकणांचे गॅस्केट नवेच लावा. ९९३ या नंतरच्या ९११ मध्ये आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे हा उद्योग नाही.

प्रश्न: पुण्यात बॉक्स्टर आहे. पावसाळ्यात काय सांभाळावं? बॅटरी उतरली की पुढची डिकी उघडत नाही आणि बॅटरी तर त्याच डिकीत! – एक वाचक

उत्तर: रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना, हवेच्या जाळ्यांमागे आहेत आणि त्यांच्या पुढ्यात एसीचे कंडेन्सर. गुलमोहराची बारीक पानं तिथे साचतात, ओली राहून कुजतात आणि ॲल्युमिनियम खातात. पावसाआधी आणि नंतर बंपर उतरवून साफ करा. तेवढं जमत नसेल तर व्हॅक्युम क्लीनरच्या बारीक नळीने ओढून काढा. प्रेशरच्या पाण्याने रेडिएटरच्या पातळ पट्ट्या मुडपतात, ते टाळा.

कापडी छताच्या गाडीत पाणी निघून जाण्याची भोकं मोकळी हवीत. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये (९८६) ती तुंबली की पाणी सीटखालच्या इमोबिलायझरच्या, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या डब्यात शिरतं आणि गाडी स्वतःची किल्ली ओळखत नाही. मागचे टायर कायद्याच्या १.६ मिलिमीटरपर्यंत घासू नका, पावसात ३ मिलिमीटरला बदला. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.

डिकी विजेवर उघडणाऱ्या गाड्यांत पायाजवळच्या फ्यूजच्या पेटीत बाहेर ओढायचं एक टर्मिनल असतं. दुसऱ्या बॅटरीची लाल वायर त्याला, काळी वायर दाराच्या कुलपाच्या लोखंडी खुंटीला लावा आणि किल्लीवरचं डिकीचं बटण दाबा. अलार्म वाजेल, वाजू द्या, किल्लीने बंद होतो. हे टर्मिनल डिकी उघडण्यापुरतंच आहे. तिथून गाडी सुरू करायला गेलात तर फ्यूज उडेल. पुढच्या पावसाळ्यात ही वेळ नको असेल तर उभ्या गाडीला मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा.

प्रश्न: स्टुटगार्टमध्ये एकच दिवस आहे, तोही सोमवार. पोर्शेचं म्युझियम होईल ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही, सोमवारी ते बंद असतं. मर्सिडीजचंही त्याच दिवशी बंद. प्रवासाचा दिवस बदलता आला तर बदला. एस६ लोकलने नॉयविर्ट्सहाउस स्टेशनला उतरलं की म्युझियम समोरच आहे. कारखाना बघायचा असेल तर वेगळं बुकिंग लागतं, ते तिकीट काढण्याआधी करून ठेवा.