‘मला आजोबांचा दरारा वाटतो’ यात चूक काय?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: सहावीतल्या लेकीने ‘माझे आजोबा’ या निबंधात ‘मला आजोबांचा दरारा वाटतो’ असं लिहिलं. बाईंनी ‘दरारा’वर लाल रेघ मारून वर ‘भीती’ लिहिलं. ताईंचा प्रश्न असा की भीती, धाक, दरारा, धास्ती, धसका हे सगळे समानार्थीच ना? मग एक शब्द चूक आणि दुसरा बरोबर कसा?

बाईंची रेघ बरोबर, दुरुस्ती चूक. मुलीला जे म्हणायचं होतं ते ‘भीती’त येतच नाही. तिला म्हणायचं होतं, ‘आजोबांचा घरात दरारा आहे.’ तिने शब्द अगदी नेमका उचलला, फक्त त्याला भलतंच क्रियापद जोडलं.

भीतीचे शब्द मराठीत ढीगभर आहेत. कोशात एकापुढे दुसरा अर्थ म्हणून छापलेले असल्यामुळे ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटतं. पण शब्द एकटा पाहू नये, तो कोणत्या क्रियापदाच्या घरात नांदतो ते पाहावं. भीती वाटते, धाक असतो, धसका बसतो, दहशत माजते, भीड पडते, धडकी भरते, बोबडी वळते. ही क्रियापदं उलटसुलट करून बघा, मराठी कान लगेच कुरकुरतो.

‘वाटणं’ आतलं असतं. भीती ज्याला वाटते त्याची. आजोबांना पत्ताही नसेल. दरारा मात्र आजोबांचा, त्यांच्या मालकीचा. ते घरात नसतानाही तो असतो. आमच्या आळीत एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. कोपऱ्यावर त्यांच्या चपलांची करकर ऐकू आली की आमच्या गोट्या खिशात जायच्या आणि खेळातली भांडणं आपोआप मिटायची. त्यांनी आमच्यातल्या कुणाला कधी बोटही लावलं नव्हतं. त्यांची भीती वाटायची का, असं आज कुणी विचारलं तर मी ‘नाही’ म्हणेन. पण दरारा होता, आणि तो माणसाच्या चार पावलं पुढे चालत यायचा. दरारा शब्दात थोडं कौतुकही मिसळलेलं असतं. गावगुंडाची दहशत असते, त्याचा दरारा म्हटलं की आपण नकळत त्याला शाबासकी देतो. बातमी लिहिणाऱ्यांनी एवढं तरी सांभाळावं.

धाक दराऱ्याचाच भाऊबंद, पण जवळचा, घरगुती. वडिलांचा धाक, छडीचा धाक, कायद्याचा धाक. त्याच्यामागे काही तरी नीट चालावं अशी अपेक्षा असते. म्हणून ‘हल्ली पोरांना कुणाचा धाक राहिला नाही’ ही तक्रार होते. दहशत राहिली नाही, तर ती सुटका होते.

गंमत म्हणजे हा शब्द एके काळी आतला होता. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत ‘भवाच्या भये काय भीतोस लंडी, धरी रे मना धीर धाकासी सांडी’ असं येतं. भय, भिणं आणि धाक, तिन्ही एका दमात. इथे मनाला सांगितलंय की धाक टाकून दे. म्हणजे धाक भिणाऱ्याच्या पदरात आहे, त्याने तो सोडायचा आहे. आज आपण असं म्हणत नाही. आजचा धाक घालणाऱ्याच्या हातात असतो, तो ‘दाखवला’ जातो, ‘बसवला’ जातो. सतराव्या शतकापासून आजपर्यंत कधी तरी या शब्दाने मालक बदलला. (‘लंडी’ म्हणजे भित्रा. हा शब्द आता वापरायला जाऊ नका, लोक भलताच अर्थ घेतील.)

दहशत तर आणखी लांबून आली. मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे. अरबीत त्या शब्दाचा अर्थ चकित होणं, थक्क होणं. आपल्यापर्यंत येईतो आश्चर्य गळून पडलं आणि नुसता थरकाप उरला.

आता धास्ती आणि धसका. इथे मालकीचा नाही, काळाचा फरक आहे. धास्ती पुढच्याची, धसका मागच्याचा. निकालाची धास्ती असते, बदलीची धास्ती असते. गोष्ट अजून घडलेली नसते. धसका बसायला काही तरी आधी आदळावं लागतं. ‘छातीत धस्स झालं’ यातला तो धस्स मला धसक्यात ऐकू येतो.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट घ्या. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, आणि किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. जास्त बळी घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या जड छपरांनी. ज्या घराने पिढ्यान्पिढ्या ऊन अडवलं तेच अंगावर आलं. त्यानंतर ज्यांच्या घराला साधी चीरही गेली नव्हती अशी माणसंसुद्धा बाहेर, पत्र्याखाली झोपू लागली. त्या लोकांनी दगडी भिंतींचा ‘धसका घेतला’ हेच योग्य मराठी. ‘भीती वाटली’ म्हटलं तर ती रात्रीपुरती वाटते. धसका घेतलेला माणूस राहणी बदलतो. घर कशाचं बांधायचं, उशी कुठे ठेवायची, दाराला आतून कडी घालायची की नाही, हे सगळं धसका ठरवतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायची म्हण आहे ना, ती धसक्याचीच.

आता कुणी म्हणेल, ‘परीक्षेचा धसका घेतलाय’ असंही बोलतात की, आणि परीक्षा तर पुढेच असते. बोलतात, आणि ते चूकही नाही. पण तिथे मागच्या परीक्षेत काही तरी झालेलं असतं, किंवा वेळापत्रक नुकतंच हातात पडलेलं असतं. कुठे तरी एक दणका बसलेला असतोच.

ताईंनी पुरवणी प्रश्न विचारलाय: निर्भय आणि निर्भीड एकच का? नाही, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. निर्भीडमध्ये भीती नाहीच. ती असती तर शब्द ‘निर्भीत’ झाला असता. त्यात आहे ती ‘भीड’. संस्कृत ‘निर्’ आणि मराठी ‘भीड’ यांचं हे लग्न आहे, आणि चांगलं टिकलंय. निर्भय माणूस वाघाला भीत नाही. निर्भीड माणूस समोर बसलेल्या ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणू शकतो. माझ्या मते दुसरं जास्त अवघड आहे.

माझ्या वडिलांनी एका पतसंस्थेच्या कर्जाला मित्रासाठी जामीन म्हणून सही केली होती. मित्राची परिस्थिती त्यांना माहीत होती. आईने रात्री सांगितलंही होतं, सही करू नका. सकाळी मित्र कागद घेऊन ओट्यावर बसला, चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि वडिलांनी खिशातून पेन काढलं. पुढे दोन वर्षं त्यांच्या पगारातून हप्ते कापले गेले. त्यांना कसली भीती होती? मित्र मारणार नव्हता, शिव्या देणार नव्हता. पडली ती भीड. आई त्यानंतर सही हा शब्द निघाला की एवढंच म्हणायची, ‘भीड भिकेची बहीण.’ माणसाच्या आयुष्याला सापाविंचवाच्या भीतीने जेवढं वळण लागत नाही तेवढं या भिडेने लागतं. भिडेखातर लग्नं ठरली आहेत, भिडेखातर जमिनी गेल्या आहेत. आणि भाषा इतकी चतुर की हिला तिने भीतीच्या रांगेत बसवलंच नाही. भिडस्त माणसाला आपण ‘स्वभावाने चांगला’ म्हणतो. भित्र्याला तसं कुणी म्हणत नाही. (आणि भ्याड? तो शब्द आता वर्तमानपत्रांनी ‘हल्ला’च्या आधी कायमचा चिकटवून टाकलाय.)

थोडं व्याकरण. ‘कुत्र्याला घाबरते’ की ‘कुत्र्यापासून घाबरते’? हल्ली दुसरं बरंच कानावर येतं. हिंदीत ‘कुत्ते से डरना’ म्हणतात, त्याची ही सावली. संस्कृतातही पंचमीच आहे. पाणिनीचं ‘भीत्रार्थानां भयहेतुः’ (१.४.२५) हे सूत्र सांगतं की भयाचं जे कारण ते अपादान, म्हणजे चोरापासून भय. पण मराठी क्रियापदाने आपली वाट वेगळी काढली. आपण चोराला भितो, कुत्र्याला घाबरतो. शंका असेल तर भांडण आठवा. ‘मी कुणाच्या बापाला भीत नाही!’ असं म्हणत बाह्या सरसावता येतात. ‘मी कुणाच्या बापापासून भीत नाही’ म्हटलं तर समोरचा आधी हसेल.

तसंच ‘मला भीती वाटते की आज बैठक होऊ शकणार नाही’. हे मराठी अक्षरांतलं इंग्रजी आहे. मराठी माणूस म्हणतो, ‘आजची बैठक बारगळते की काय!’ हे ‘की काय’ म्हणजे आपल्या भाषेतला भीतीचा प्रत्ययच समजा. पडतो की काय, गाडी चुकते की काय, दूध उतू जातंय की काय. भीतीचा एकही शब्द नाही, आणि काळजाचा ठोका चुकलेला ऐकू येतो.

इथवर आल्यावर जाणवतं की भीतीने भाषेत मोठी कामं केली ती स्वतःचं नाव लपवूनच. माझ्या आजीच्या हातातली बांगडी एकदा पाटावरवंट्यावर आपटून फुटली. मी ओरडलो, ‘आजी, बांगडी फुटली!’ तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘वाढवली म्हण.’ नारळ वाढवतात, बांगडी वाढवते, आणि दिवा विझत नाही, तो शांत होतो. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही. कोकणात ते ‘जनावर’, घाटावर ‘लांबडं’. ज्या रोगाने घरंच्या घरं रिकामी केली त्याला नावच मिळालं ‘देवी’. त्या रोगाचं जगातून उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केलं, तरी चेहऱ्यावरचे ते वण आजही ‘देवीचे व्रण’च. रोग गेला, त्याला दिलेला मान तसाच राहिला.

उलटंही घडतं. लहानपणी ज्याच्या नावाने पोरं जेवायची आणि झोपायची तो ‘बाऊ’ मोठेपणी नुसत्या ‘बाऊ करणे’त उरला. ‘एवढ्याशा तापाचा काय बाऊ करतोस’ म्हणताना आपल्या तोंडात एक जुना बागुलबुवा असतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. ‘बुजगावणं’ही असंच. बुजतो तो खरं तर बैल किंवा घोडा, रस्त्यात काही फडफडलं की. त्यावरून शेतात पाखरांना बुजवायला कुडतं घातलेली काठी उभी राहिली, आणि त्याच बुजण्यातून पाहुण्यांसमोर आईच्या पदराआड जाणारं बुजरं पोरही आलं. ‘डर’ तर मराठीत फारसा वापरातही नाही. ‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीत ‘कर’शी यमक जुळतं, एवढ्याच भाड्यावर तो आपल्याकडे राहतो.

‘पाचावर धारण बसली’चंही कुणी तरी विचारेलच. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव, हा अर्थ जुन्या कोशात मिळतो. रुपयाला पाचच मापं धान्य मिळायची वेळ आली म्हणजे दुष्काळ दारात, अशी एक उपपत्ती सांगतात. मला ती पटते, कारण एरवी भीतीचे वाक्प्रचार शरीराचे आहेत. पोटात गोळा, घशाला कोरड, हातापायाला कापरं. हा एकटाच बाजारातून आलेला दिसतो. ज्यांनी तो घडवला त्यांची भीती साप-भुतांची नसावी, रिकाम्या कणगीची असावी.

तर ताई, लेकीला सांगा, वाक्य ‘आजोबांचा घरात दरारा आहे’ असं करून शब्द तोच ठेव. त्याखाली ‘पण मला त्यांची भीती वाटत नाही’ असं खरं असेल तर तेही लिहू दे. बाईंना दोन्हींतला फरक तिथेच दिसेल.

आणि एक शब्द राहिलाच: ‘न जाणो’. आमच्या आईने कुणाच्याही प्रवासाच्या पिशवीत हा शब्द भरल्याशिवाय चेन लावली नाही. मे महिन्यात नागपूरला निघालो तरी तळाशी स्वेटर निघायचा. ‘अगं, हे कशाला?’ ‘असू दे. न जाणो.’